कधीची खबर, ते आधी सांग

१२ डिसेंबर, सकाळी साडेनऊ

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

कारगिलच्या रेडिओ केंद्रावरून लिहिलेले तुझे पत्र दोनदा वाचले. बर्फ पडत असताना ठरलेले कार्यक्रम चालू ठेवावेत की सारखे बोलत राहावे, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना आपले ऐकणार कोण, असे तुझे दोन प्रश्न आहेत. वीज जाऊन टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुला आपोआप मिळेल. त्यावर मी शाई घालवत नाही.

पहिल्याबद्दल सांगतो. गाणी खुशाल वाजव, पण प्रत्येक सूचना कोणी दिली, किती वाजता मिळाली आणि पुढची किती वाजता देणार, हे सांगितल्याशिवाय माइक बंद करू नकोस. थंडीत सेल लवकर उतरतात, म्हणून घरातला माणूस पाच मिनिटे रेडिओ लावतो आणि बंद करतो. पाचची सूचना तू पाच वाजून दहा मिनिटांनी दिलीस, तर त्याच्यापुरती ती दिलीच नाहीस.

श्रीनगर-कारगिल रस्त्यावरच्या झोजिला खिंडीत बर्फाच्या दिवसांत वाहतूक पुष्कळदा एकेरी असते, कधी सोनमर्गकडून तर कधी मीनामर्गकडून. तिथे ‘रस्ता खुला आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोणत्या बाजूने, कोणत्या गाड्यांना, किती वाजेपर्यंत? चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचा इशारा येतो, त्यात जिल्ह्याचे नाव, अमुक मीटरच्या वर आणि ‘पुढचे २४ तास’ असे असते. मेंढपाळ मीटर मोजत नाही. जिल्हा कार्यालयाला विचारून गावांची आणि नाल्यांची नावे घे. आणि ते २४ तास कधीपासून मोजायचे? पुन्हा तेच! तुला पुरगी आणि शिना या तिथल्या भाषा येत नाहीत, तेव्हा उद्घोषकाकडून त्या भाषेतला मजकूर प्रसारणाआधी परत हिंदीत सांगून घे. रात्रीच्या शेवटच्या सूचनेत मात्र, सगळ्या फटी बुजवून कोळशाची बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटती ठेवून झोपू नका, हे रोज सांग; त्या विषारी वायूला वास नसतो.

मी हे इतके का घोकतो, तेही ऐक. डोंगरातल्या एका केंद्रावर असताना संध्याकाळच्या प्रसारणात मी ‘रस्ता खुला’ असा कागद वाचला. तो दुपारी साडेबाराचा निघाला, आणि रस्ता तीनलाच बंद झाला होता. माझ्या आवाजावर विसंबून निघालेल्या एका ट्रकचालकाने रात्र केबिनमध्ये काढली आणि पायाची दोन बोटे गमावली. कागदावर सही होती, शिक्का होता, वेळ तेवढी नव्हती. फोन लागत नव्हता. चौकशीत माझी चूक निघाली नाही, आणि निघायलाही नको होती, असे मी आजही म्हणतो. तरीही ‘हा कागद कधीचा आहे हे आम्हाला ठाऊक नाही’ एवढे बोलायला मला कोणी अडवले नव्हते. त्यानंतर वेळ नसलेला कागद मी वाचला नाही. वरिष्ठांनी मला हेकट ठरवले, बदलीही केली. करोत बापडे.

काहीच कळले नसेल तर काय बोलायचे, असे तू विचारशीलच. ‘पाच वाजले आहेत, चारनंतर नवी खबर आलेली नाही, सहाला पुन्हा सांगू,’ असे बोल आणि सहाला खरोखर सांग.

तुझ्या पत्रावर तारीख नाही. कोणत्या बर्फाबद्दल लिहितेस, मागच्या आठवड्यातल्या की परवाच्या, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पुढच्या पत्रावर घाल.