स्लीपरची पहिली रात्र

अरे, मुंबई-मडगाव पहिल्यांदाच स्लीपरने एकटा निघालायस, तर आधी बर्थ नंबर बघ. त्याला ८ ने भाग. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ साइड लोअर. बाकी शून्य म्हणजे साइड अपर. तुझ्या उंचीला तिथे पाय दुमडूनच झोपावं लागेल.

मधला मिळाला तर खरी गंमत. नियमाने तो रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा. पण खालच्या काकांचं जेवण साडेदहापर्यंत चालतं. भांडू नकोस, चटणी-भाकरी पुढे करतातच, घे. शेंगदाण्याची चटणी बहुतेक वेळा झकास असते.

चपला मात्र पिशवीत घालून उशाशी ठेव. मी एकदा बर्थखाली ठेवल्या होत्या. पहाटे रत्नागिरीला अंधारात पाय सरकवून चहाला उतरलो, तर एका पायात माझी आणि दुसऱ्यात कुणाची तरी गुलाबी, फुलाफुलांची. चहावाल्याने पायांकडे बघितलं, काही न बोलता सुटे परत दिले.

स्लीपरमध्ये चादर मिळत नाही, घरून ने. हवेची उशी नको, मध्यरात्री ती चपटी होते. जुन्या अभ्र्यात स्वेटर कोंब.

आणि हो, रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. फोन मधेच कट झाला तर घाबरू नकोस, असं आईला आधीच सांगून ठेव.