आधी पान उलटून बघा

या वेळच्या टपालात किडींची पत्रं इतकी आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. पहिलं पत्र मुद्दाम सविस्तर घेते, कारण त्यात जे झालंय ते पुष्कळ घरी होतं.

प्रश्न : ताई, गच्चीवर पंधरा कुंड्यांत मिरची लावली आहे. महिनाभरापासून शेंड्याची पानं आकसून वळायला लागली. एकाने सांगितलं, व्हायरस आहे, उपटून टाका. दुसऱ्याने कीटकनाशकाची बाटली आणून दिली. दोनदा फवारलं, पण झाडं आणखीच बिघडली. नवीन पान येतं तेच वाकडं. उपटू का?

उत्तर : इतक्यात उपटू नका. पानं वळली आहेत एवढं तुम्ही लिहिलंत, पण कुठल्या बाजूला वळली ते लिहिलं नाहीत, आणि सगळं निदान तिथेच आहे. एक पान हातात घ्या. कडा वर उचलल्या जाऊन पानाचा द्रोण झाला असेल, तर बहुतेक फुलकिडे आहेत. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं दिसत असेल, पातं अरुंद आणि देठ नको इतका लांब झाला असेल, तर ती कोळी आहे, म्हणजे इंग्रजीत जिला माइट म्हणतात ती बारीक कीड, घरात दिसणारा कोळी नव्हे. शेतकरी दोन्हीला चुरडा-मुरडाच म्हणतात, पण औषध दोन्हींना एक नाही.

आता खात्री करून घ्या. पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीवर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर मिलिमीटरभर लांबीचे, पेंढ्याच्या रंगाचे, बारीक काडीसारखे जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे. मिरचीवरची कोळी मात्र अशी सापडत नाही. तिची लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग. तिच्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि अगदी कोवळं पान लागतं. पान उलटं करून उजेडात धरा, मधल्या शिरेजवळ बघा आणि घाई करू नका. आधी काहीच दिसत नाही. मग काचेच्या मण्यासारखा एक फिकट ठिपका सरकतो. भिंग जरा जास्त ताकदीचं असेल तर अंडीही दिसतात, पारदर्शक, वर पांढऱ्या टिंबांच्या रांगा असलेली. आणि नशीब असेल तर नर दिसतो, वयात येऊ घातलेल्या मादीला पाठीवर घेऊन नव्या पानाकडे निघालेला. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास भिंग खाली ठेवलं नव्हतं. कीड नेहमी सगळ्यात कोवळ्या पानावरच का सापडते, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

फवारून झाडं बिघडली का? कोळी हा कीटक नाही. तिला आठ पाय असतात, ती कोष्ट्याच्या कुळातली. कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधं तिला काहीच करत नाहीत, पण तिला खाणाऱ्या शिकारी किड्यांना मारतात. म्हणजे राखणदार गेले आणि चोर राहिले. माझ्या कुंडीतल्या वांग्यावर नेमकं हेच झालं होतं. चार पानांवर मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला आणि मी घाबरून अख्ख्या झाडावर जहाल औषध मारलं. मावा गेला. पंधरा दिवसांत पानांवर सुई टोचल्यासारखे पिवळट ठिपके आले आणि शेंड्यांवर जाळी धरली. ती लाल कोळी. उन्हाळ्यात तिची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडाभरात होते, त्यामुळे माझ्या हातात वेळच उरला नाही. चांगलं वाढलेलं झाड होतं ते. त्यानंतर भिंगातून बघितल्याशिवाय मी फवारणीचा पंप हातात घेतलेला नाही.

कोळी निघाली तर वाकडे शेंडे खुडा आणि खुडल्या खुडल्या पिशवीत टाकून तोंड बांधा. हातात घेऊन कुंड्यांमधून फिरू नका. मग पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पारा 32 अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात. तेलाची फवारणी आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर हवंच. आठवड्याने पुन्हा भिंग घ्या, हालचाल दिसली तरच दुसरी फवारणी.

फुलकिडे असतील तर कडुनिंबाचं तेल. लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली तेल आणि ते मिसळावं म्हणून 1–2 मिली सौम्य द्रव साबण. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. एका फवारणीत हे संपत नाहीत, कारण अंडी पानाच्या आत असतात आणि कोषावस्था बहुतेक मातीत जाते. फवारा पोहोचतो तो फक्त पानावर वावरणाऱ्या किड्यांपर्यंत. म्हणून पाच-सहा दिवसांनी, असं तीनदा.

आणि व्हायरस? पानं बारीक, सुरकुतलेली, शिरा जाड, झाड खुरटलेलं, आणि हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडत असतील तर ती शंका खरी धरा. पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्याला औषध नाही. तसं झाड मात्र लगेच काढा.

एक लक्षात असू द्या, वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. ते बघून निराश होऊ नका, उपायानंतर निघालेलं पान बघा.

प्रश्न : घेवड्याच्या वेलावर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या झाल्या आहेत. रोज वीसेक चिरडते, तरी मावा वाढतोच आहे.

उत्तर : बाई, कृपा करून थांबा! त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत, ज्याला आपण लेडीबर्ड म्हणतो त्याची पिलं. दिसायला इवलीशी मगर, म्हणून कुणालाही भीती वाटते. पण मावा खाण्यासाठीच त्या वेलावर आल्या आहेत. तुम्ही रोज वीस मारताय आणि मावा वाढतोय, तो त्यामुळेच.

वेलावर आणखी दोन खुणा शोधा. केसाएवढ्या देठाच्या टोकाला उभं राहिलेलं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका हिरव्या किड्याचं. तीही अळी मावा खाते. आणि माव्यातले काही किडे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले असतील, तर त्यांच्या आत एका बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. अशी पानं काढू नका. आठ दिवस काहीही फवारू नका. फारच चिकट झालं असेल तर शेंड्यांवर पाण्याची जोरदार धार मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही.

प्रश्न : जास्वंदीच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं साचतं, काढलं की पुन्हा येतं. मुंग्याही खूप आहेत. मुंग्यांची पावडर टाकू का?

उत्तर : कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या झाडाला खात नाहीत, ढेकणाच्या अंगातून झरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या ढेकणाच्या शत्रूंना हाकलतात आणि पिलांना नव्या फांदीवर नेऊन सोडतात. तो चिकटा पानावर सांडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. म्हणून मुंग्यांची वाट तोडायची, पण पावडरीने नाही. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली फांदी छाटा, नाहीतर तोच पूल होतो.

ढेकणासाठी कानात घालायच्या कापसाच्या काडीला 70 टक्के अल्कोहोल लावून प्रत्येक पुंजका टिपा. वरचं मेण विरघळतं आणि आतला गुलाबीसर किडा उघडा पडतो. अंड्यांची पिशवी राहिली तर आठवड्याने पिलं निघतातच, त्यामुळे चार आठवडे हे चुकवायचं नाही.

मात्र टिपण्याआधी नीट बघा. ढेकणापेक्षा मोठं, अंगावर लांब मेणाचे धागे लोंबणारं आणि चांगलं चपळ चालणारं पांढरं काही दिसलं, तर तो क्रिप्टोलेमसचा, म्हणजे लेडीबर्डच्याच एका भाऊबंदाचा, सुरवंटासारखा दिसणारा बाळ-भुंगा. ढेकणाचा वेश घेऊन तो ढेकूणच खातो. त्याला सोडून द्या.

प्रश्न : कपड्यांची साबण पावडर पाण्यात कालवून टोमॅटोवर मारली. किडे मेले, पण पानांच्या कडा जळाल्या. प्रमाण चुकलं का?

उत्तर : प्रमाण नाही, वस्तूच चुकली. कपड्यांची पावडर म्हणजे डिटर्जंट. ते पानावरचा मेणाचा थर धुऊन नेतं आणि पान वाळतं. झाडांसाठी पोटॅशियमचा सौम्य साबण वेगळा येतो. तोही ओला असताना किड्याच्या अंगाला लागला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. ऊन असताना मारू नका. आता झाड स्वच्छ पाण्याने धुऊन दोन दिवस सावलीत ठेवा. नवी फूट येईल.

प्रश्न : घरातल्या कुंड्यांवर काळी चिलटं उडतात. झाडं तशी बरी दिसतात.

उत्तर : पाणी जास्त होतंय. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये राहतात. बुरशी खातात, आणि संख्या वाढली की कोवळी मुळंही. वरची माती कोरडी होईपर्यंत पाणी घालू नका. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट सापळा मातीलगत आडवा ठेवा. अळ्या आहेत का ते बघायचं तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दोन दिवस दाबून ठेवा आणि मग उलटा. काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. चकती टाकून नवी ठेवा. सलग दोन चकत्या रिकाम्या निघाल्या की पाणी पुन्हा सुरू करा, पण आधीपेक्षा कमी.