गोळी ‘राखून’ ठेवावी का?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पार्किन्सन असल्याचे निदान झाले. फळ्यावर टपोरे अक्षर काढणाऱ्या वडिलांची सही आता शेवटच्या अक्षरापर्यंत मुंगीएवढी होत जाते आणि शर्टाची बटणे आईला लावून द्यावी लागतात. डॉक्टरांनी लेव्होडोपाची गोळी लिहून दिली आहे. परंतु ‘ही गोळी पाचच वर्षे चालते, मग अंग वेडेवाकडे हलू लागते, तेव्हा लांबवता येईल तितकी लांबवा,’ असे एका परिचितांनी सांगितल्यापासून गोळ्यांची पट्टी कपाटात पडून आहे. त्याऐवजी खाजकुइलीचे चूर्ण घ्यावे, असे वडिलांच्या मनात आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या परिचितांना दोष देण्याचे कारण नाही, कारण ही भीती अनेक वर्षे डॉक्टरांच्याही मनात होती. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी प्राण्यांना रेसरपिन, म्हणजे आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळातून मिळणारे औषध, देऊन निश्चल केले आणि डोपा (लेव्होडोपा हे याच द्रव्याचे रूप) टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांनी रुग्णांना तोंडावाटे मोठ्या मात्रेत हे औषध दिले. त्या रुग्णांचा आजार वर्षानुवर्षे मुरलेला होता आणि कार्बिडोपाची, म्हणजे लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्यापूर्वी वाया जाऊ न देणाऱ्या औषधाची, जोड नसल्यामुळे दिवसाला काही ग्रॅम औषध द्यावे लागे. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली खरी, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगाला थोड्याच काळात नको त्या हालचाली जडल्या आणि त्याचा ठपका गोळीवर बसला.

प्रत्यक्षात घडते ते असे. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. साधारण दीड तासात तिचे प्रमाण निम्म्यावर येते. आजाराच्या सुरुवातीला मेंदूतील शिल्लक पेशी तिच्यापासून डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे आणि या आजारात कमी पडणारे रसायन, तयार करतात, साठवतात आणि जपून खर्च करतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्यांवर दिवस सुरळीत जातो. पेशी कमी होत गेल्या की साठवण करणारेच उरत नाहीत आणि रक्तातला प्रत्येक चढउतार थेट शरीराच्या हालचालींत दिसू लागतो. म्हणजे गोळी ‘संपत’ नाही, तिला सांभाळणाऱ्या पेशी संपत जातात, आणि त्या गोळी कपाटात ठेवली तरी संपतातच.

या मुद्द्यावर मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१४ साली प्रसिद्ध झालेला घाना आणि इटली येथील रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास. घानातील रुग्णांना, औषध सहज मिळत नसल्यामुळे, आजार सुरू झाल्यापासून सरासरी चार वर्षांनी लेव्होडोपा मिळाली, तर इटलीतील रुग्णांना सुमारे अडीच वर्षांनी. उशिरा सुरू केल्याने काही वाचत असते, तर घानातील रुग्णांना त्रासही उशिराच व्हायला हवा होता. तसे झाले नाही. आजाराला जितकी वर्षे झाली असता इटलीत चढउतार आणि नको त्या हालचाली सुरू झाल्या, साधारण तितक्याच वर्षांनी त्या घानातही झाल्या. त्रासाचा संबंध आजाराच्या वयाशी आणि वजनाच्या मानाने घेतलेल्या रोजच्या मात्रेशी होता, गोळी किती वर्षे घेतली याच्याशी नव्हे. घानातील रुग्णांनी मधली वर्षे मात्र अकारण ताठरलेल्या अंगाने काढली.

नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत एका गटाला लगेच, तर दुसऱ्याला ४० आठवड्यांनी गोळी सुरू केली. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. लवकर सुरू केल्याने आजार मंदावला नाही, तसे नुकसानही दिसले नाही.

मात्रेची बाब मात्र दुर्लक्षू नये. २००४ सालच्या एका अमेरिकी चाचणीत दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात ४० आठवड्यांतच सुमारे १६ टक्के रुग्णांना नको त्या हालचाली सुरू झाल्या. कमी मात्रेच्या गटांत हे प्रमाण बरेच कमी होते. म्हणून काम भागेल इतकीच मात्रा ठेवावी, हे धोरण योग्य. पन्नाशीच्या आत आजार झालेल्यांना हा त्रास अधिक होतो, त्यामुळे त्यांच्याबाबत डॉक्टर कधी वेगळ्या औषधाने सुरुवात करतात. आपल्या वडिलांना तो विचार लागू नाही.

खाजकुइलीबद्दल : तिच्या बियांत लेव्होडोपाच असते. म्हणजे जी गोळी टाळायची, तीच चूर्णातून पोटात जाणार, आणि तीही किती हे न कळता व कार्बिडोपाची जोड नसल्याने मळमळ वाढवून. गोळीसोबत गुपचूप चूर्ण घेणे तर अधिकच वाईट, कारण मग मात्रेचा हिशेबच लागत नाही. ते सुरू केलेच असेल, तर डॉक्टरांना संकोच न करता सांगावे.

वडिलांना बटणे स्वतः लावता येत नाहीत, म्हणजे गोळीची गरज आजच आहे. पट्टी कपाटातून काढून डॉक्टरांना भेटावे आणि त्यांनी सांगितलेल्या लहान मात्रेने सुरुवात करावी. एकदा सुरू केल्यावर मात्र ती परस्पर, एकदम बंद करू नये. तसे केल्यास प्रसंगी जिवावर बेतते.

प्रश्न : यजमानांना लेव्होडोपाची दुपारची गोळी लागूच पडत नाही. सकाळची मात्र अर्ध्या तासात काम करते. असे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुपारी ताटात डाळ, उसळ, मासे असतात का, ते पाहावे. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत एकाच वाटेने जातात, आणि गर्दीत गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी. लोहाची गोळी चालू असल्यास दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. प्रथिने बंद मात्र करू नयेत, वजन घटते. आठवडाभर गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हालचाल कधी मोकळी झाली हे वहीत लिहून पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.