लाकडी जमिनीवर गरम टाइल्स: ४,२०० पौंड की ७,६००?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घर १९३०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. खालच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची. किचन आणि डायनिंग मिळून १८ चौरस मीटर जागेत दिवाळीच्या आत टाइल्स आणि त्याखाली विजेचं अंडरफ्लोअर हीटिंग करायचं आहे. एक काँट्रॅक्टर फळ्यांवरच हीटिंगची मॅट (विजेच्या वायरची चटई) आणि मोठ्या पोर्सिलेन टाइल्स लावून ४,२०० पौंडांत काम देतो. दुसऱ्याचं कोटेशन ७,६००चं आहे. त्यात प्लाय, इन्सुलेशन बोर्ड, मेंब्रेन आणि फळ्यांखालचं इन्सुलेशन (९०० पौंड) धरलंय. बचत १४,००० पौंड, महिन्याचा खर्च ३,१००, शिल्लक ६००. नवऱ्याचं काम कंत्राटी. मॉर्गेजचा १.९ टक्क्यांचा फिक्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा पक्का व्याजदर, पुढच्या मार्चमध्ये संपतो. २,३०,००० पौंड आणि २५ वर्षं बाकी आहेत. घर निदान पाच वर्षं विकणार नाही. पहिलं कोटेशन घेऊन ३,४०० पौंड वाचवावेत का?

उत्तर: नको. पण दुसरं कोटेशनही या दिवाळीत नको.

आधी फरक कशाचा आहे ते बघू. टाइल दोन्हीकडे तीच, मॅट जवळपास तीच. जास्तीचे ३,४०० जातात ते टाइलच्या खाली, आणि नेमकं तेच काम मागाहून करता येत नाही. रंग पुढच्या वर्षी काढता येतो, दिवे बदलता येतात. टाइलखाली प्लाय घालायचा तर टाइल फोडावीच लागते. मॅटची वायर चिकट मसाल्यात गाडलेली असते, त्यामुळे टाइलबरोबर तीही जाते.

आता फळ्यांवर थेट लावलेल्या टाइल्स का फुटतात ते. आपल्याकडे फरशीखाली स्लॅब असतो, त्यामुळे जमीन हलेल हा विचारच आपल्या डोक्यात येत नाही. तुमच्या घरात खाली मोकळी हवा आहे, तिच्यावर तुळया, तुळयांवर जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीच्या फळ्या. माणूस चालला की फळी किंचित वाकते. लाकडाला त्याचं काही वाटत नाही, पोर्सिलेनला वाकता येत नाही. अमेरिकेत सिरॅमिक टाइल्ससाठी जुना नियम आहे: तुळईच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त वाकणं चालत नाही. म्हणजे ३.६ मीटरच्या तुळईला १० मिलिमीटर. नैसर्गिक दगड असेल तर त्याच्याही निम्मं.

हा झाला चालण्याचा भाग. हीटिंग आलं की गोष्ट बदलते, कारण लाकूड उष्णतेने फारसं फुगत नाही, ते ओलाव्याने हलतं. पोर्सिलेनची एक मीटर टाइल २० अंशांनी तापली तर वाढते साधारण ०.१३ मिलिमीटर. दीडशे मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी ओलावा चार टक्क्यांनी घटला की एक ते दीड मिलिमीटर आकसते. हे एका फळीचं झालं, आणि तुमच्या खोलीत अशा दोन-तीन डझन फळ्या शेजारीशेजारी आहेत. हिवाळाभर वरून मॅट तापते, खालून एअरब्रिकमधून (भिंतीतल्या हवेसाठीच्या भोकांच्या विटांमधून) दमट थंड हवा येते. फळीची वरची बाजू सुकते, खालची ओली राहते, आणि फळी पापडासारखी कडेने वर उचलली जाते. उन्हाळ्यात हीटिंग बंद झालं की उलटा प्रवास. टाइल मात्र जागेवरून हलणार नाही म्हणते. मग आधी ग्राउटला, म्हणजे टाइल्समधल्या सांध्यातल्या मसाल्याला, केसाएवढी चीर पडते, पुढे टाइलवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो, आणि शेवटी एखाद्या तुळईच्या रेषेत टाइलच तडकते.

म्हणून महागड्या कोटेशनमध्ये थर आहेत. स्क्रूने पक्का केलेला निदान १५ मिलिमीटरचा प्लाय वाकणं कमी करतो. इन्सुलेशन बोर्ड उष्णता वर ढकलतो आणि लाकूड फार तापू देत नाही. डिकपलिंग मेंब्रेन म्हणजे टाइल आणि लाकूड यांच्यातला सैल दुवा, खालची हालचाल वर पूर्ण पोहोचू न देणारा. चिकट मसालाही साधा चालत नाही. पाकिटावर एस१ किंवा एस२ लिहिलेला लवचीक हवा. एस१ फुटण्याआधी निदान अडीच मिलिमीटर वाकतो, एस२ पाच. शिवाय भिंतीकडेने फट सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. पहिल्या कोटेशनमध्ये यातलं काय आहे? तुम्ही पाठवलेल्या कागदावर 'फ्लेक्सिबल अॅढेसिव्ह' एवढे दोनच शब्द आहेत.

एक तपासणी फुकट होते. डायनिंगच्या मधोमध जमिनीवर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवा आणि नवऱ्याला शेजारून टाच आपटत चालायला सांगा. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक, सांडलं तर प्लायच्याही आधी तुळयांचं काम निघेल आणि दुसरं कोटेशनही अपुरं ठरेल. जिन्याखालच्या कपाटात एखादी फळी उचलता आली तर तुळयांमधलं अंतर मोजून दोन्ही काँट्रॅक्टरांना कळवा.

आता हिशेब. स्वस्त काम टिकलं तर ३,४०० वाचले. फुटलं तर ४,२०० गेले, उखडून टाकायला हजारभर धरा, आणि वर ७,६०० परत, एकूण १२,८००. म्हणजे आधीच नीट करण्यापेक्षा ५,२०० जास्त. या दोन आकड्यांत बरोबरी तेव्हा होते, जेव्हा असं काम दहापैकी चार वेळा फुटतं. त्याहून कमी वेळा फुटत असेल तर स्वस्त काम हिशेबात जिंकतं, हे मी मान्य करतो. पण न जाड केलेल्या फळ्या, वर मोठ्या टाइल्स आणि खालून हीटिंग, एवढं एकत्र आल्यावर मी दहापैकी चारपेक्षा कमी धोका धरणार नाही. शिवाय फुटेल ते नेमकं मार्चनंतर, मॉर्गेज वाढलेलं असताना.

घराचा विमा साधारणपणे खराब कारागिरीचे पैसे देत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे: २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं, नाहीतर ते पुन्हा करून मागता येतं किंवा पैसे कमी करून घेता येतात. इंग्लंडमध्ये दाव्यासाठी सहा वर्षं मिळतात, आणि दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या कोर्टप्रक्रियेत, चालतो. फक्त तोवर काँट्रॅक्टरची कंपनी उभी हवी.

मॉर्गेजकडे बघू, कारण तुमची खरी अडचण टाइल्समध्ये नाहीच. नवा दर साडेचार टक्के धरला तर हप्ता महिन्याला तीनशे पौंडांहून थोडा जास्त वाढतो, वर्षाला पावणेचार हजार. घरात कंत्राटी काम असेल तर चार महिन्यांचा खर्च हाताशी हवा असं मी धरतो. आज तो १२,४०० होतो, मार्चनंतर सुमारे १३,७००. तुमच्याकडे १४,००० आहेत. ७,६०० काढले तर दोन महिनेच राहतात, ४,२०० काढले तर तीनच्या थोडं वर. दिवाळीच्या फराळाला नवी जमीन हवी हे मी समजू शकतो, पण त्यासाठी नवऱ्याचं पुढचं कंत्राट उशिरा येणार नाही अशी पैज लावू नका.

मी असं करीन. दुसऱ्या काँट्रॅक्टरकडून ९०० पौंडांचं फळ्यांखालचं इन्सुलेशन आत्ता, वेगळं काम म्हणून करून घ्या. घरात बसवलेल्या इन्सुलेशनवर ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य व्हॅट आहे. काँट्रॅक्टर व्हॅटला नोंदलेला असेल आणि ९००मध्ये व्हॅट धरला असेल तर दीडशे पौंड कमी व्हायला हवेत. मोठ्या कामात ते एक ओळ म्हणून मिसळलं की ही सवलत वादात पडते, म्हणून बिल वेगळं. तुळयांमध्ये इन्सुलेशनची लोकर भरताना एअरब्रिक बुजवू देऊ नका, नाहीतर खालचं लाकूड कुजेल. एवढ्यानेच जमीन या हिवाळ्यात कमी गार लागेल, आणि हीटिंग खरंच हवंय का हेही कळेल. चौरस मीटरला दीडशे वॅटची मॅट १८पैकी दहा चौरस मीटरवर घातली तर दीड किलोवॅट. रोज चार तास पूर्ण चालली तर सहा युनिट, २५ पेन्सने दीड पौंड, दीडशे दिवसांत सव्वादोनशे. थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात कमी येईल. पण विजेचा युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग असतो, तेव्हा हे रेडिएटरच्या जागी नाही, पायांना बरं वाटावं म्हणून आहे.

टाइल्स पुढच्या दिवाळीला. मार्चपर्यंत चारेक हजार साठतील, पुढे हप्ता वाढून महिन्याला तीनशेच्या आतबाहेर. चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून ऑक्टोबरपर्यंत सव्वापाच ते साडेपाच हजार मोकळे होतात, आणि कामाचे राहिलेले आहेत ६,७००. तेराशे कमी पडतील. कपाटांखालची मॅट वगळा, तिथे ती तशीही लागत नाही. तरी जे उरेल ते शून्य टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डवर पाच महिन्यांत फिटेल.

कार्ड मी मुद्दाम म्हणतोय. आगाऊ रक्कम थोडीशी का होईना, क्रेडिट कार्डने द्या. कामाची किंमत १०० ते ३०,००० पौंडांत असेल तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५खाली काँट्रॅक्टरबरोबर कार्ड कंपनीही पूर्ण रकमेला बांधील राहते. रोख दिलेत, व्हॅट वाचतो म्हणून, तर कार्डाचं हे संरक्षण हातचं जातं.

काम ठरवण्याआधी दुसऱ्यालाही एक विचारा: सगळे थर मिळून जमीन किती उचलली जाणार? चार सेंटीमीटर सहज होतात. दरवाजे तासावे लागतील, आणि डिशवॉशर काउंटरखालून बाहेर निघेल का, हे त्याने टेप लावून सांगावं आणि कोटेशनवर लिहून द्यावं.