गणपतीचा हिस्सा आणि पगाराचा हिशेब

बाळा, अनेक आशीर्वाद.

पगार नवा, भाडं मुंबईचं, आणि मूळ घरातल्या गणपतीचा हिस्सा आता तुझ्या नावावर. गावचा गणपती सोडायचा नाही आणि त्यासाठी उसनवारीही करायची नाही, एवढं धरून चालू.

वहीत दोन रकाने पाड. पहिला कुळाचाराचा: मूर्ती, पूजा, दक्षिणा, 21 मोदकांचा नैवेद्य, गौरीचा ओवसा (सुनांनी सूप भरून गौरीपुढे ठेवायचं वाण), भजनाला येणाऱ्यांची उसळ-चहा. माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीचं बरंचसं सामान, कवंडळाची फळं, तेरडा वगैरे, रानातच मिळतं. दुसरा रकाना हौसेचा: मखर, रोषणाई, फटाके. दीड फुटाची मूर्ती तीन फुटांची झाली, की वरची उंची हौसेत धर. घर बुडतं ते या रकान्यापायी, नाव मात्र देवाचं होतं.

सगळं मिळून समज 18,000 झाले, तर महिना 1,500. बँकेत 12 महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव, लाव. पोस्टाची नको, ती 5 वर्षांची असते. मुदत जुलैत संपू दे. चतुर्थी सरकते: 2025 साली 27 ऑगस्टला होती, 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला. शिवाय मूर्तीचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पोचवताना विसार (आगाऊ रक्कम) लागतो. आरोग्य विमा आणि तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक मात्र आरडीच्याही आधी. तेवढं जमेपर्यंत हौसेचा रकाना कोरा. क्रेडिट कार्डावर तर काहीच नको. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला 42.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. परतीचं तिकीट कालनिर्णय बघूनच काढ. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, मूळ नक्षत्रावर जातात, त्यामुळे त्यांच्याबरोबरचं गणपतीचं विसर्जन दर वर्षी एकाच दिवशी येत नाही. इथेच पुष्कळजण फसतात आणि मग दुप्पट पैसे देऊन खासगी बसने जातात.

देवळाच्या जीर्णोद्धाराला सभेत भरात येऊन आकडा बोलू नकोस. वर्षाला किती, किती हप्ते, ते लिहून दे. पावती घे. ट्रस्टला देणगीवरच्या करसवलतीची (80जी) मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, पण 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही.

गौरीबरोबर जाणारा गणपती दीड दिवसाचा करायचा मनात असेल, तर ते फोनवर मांडू नकोस. आधी भावकी, मग गरज वाटली तर देवळात कौल लावून देवाची संमती. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा सगळे गावातच असतात. तेव्हाच विषय काढ, वही सोबत ठेव.