लष्कराने सत्ता घेतल्यावर लोकशाही परत येते का?

येते, पण सैन्याने निवडणूक घेतली म्हणजे ती आली असं समजू नका. लोकलमध्ये 'दोन वर्षं मिलिटरी आणा' म्हणणारे काका अंधेरी ते चर्चगेट रोज भेटतात. त्यांना म्यानमार सांगा. तिथे २००८ च्या घटनेने लष्कराला संसदेत २५ टक्के जागा दिल्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे किल्ली त्यांच्याच खिशात! तरी २०२१ मध्ये उठाव केलाच. थायलंडमध्ये २०१४ च्या उठावानंतर लष्करानेच नेमलेल्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, २०२३ मध्ये सर्वाधिक जागा जिंकलेल्या पक्षाच्या नेत्याला पंतप्रधान होऊ दिलं नाही. पोर्तुगाल निराळं. १९७४ मध्ये अधिकाऱ्यांनी हुकूमशाहीच पाडली, वर्षभरात मतदान घेतलं. तिथेही क्रांती परिषद, म्हणजे कारभारावर नजर ठेवणारं लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ, १९८२ पर्यंत टिकलीच.