जुन्या मराठीवर डिजिटल पद्धतीने पीएचडी: विषय, साधने आणि मजकूर किती?

प्रश्न : एमए मराठी झाले आहे, पायथन कामापुरते येते. यादवकालीन मराठीवर डिजिटल पद्धतीने पीएचडी करायची आहे. विषय कसा निवडू, कोणती साधने शिकू आणि किती मजकूर पुरेल?

उत्तर :

साधनांकडे नंतर येऊ. ‘यादवकालीन मराठीचा संगणकीय अभ्यास’ एवढ्या रुंद विषयावर नोंदणी केलीत, तर तीन वर्षे मजकूर गोळा करण्यातच जातील. प्रश्न इतका नेमका हवा, की त्याचे उत्तर पानावरच्या कोणत्या खुणेत आहे हे बोट ठेवून दाखवता यावे. मग ती खूण फोटोपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत जपायची.

एक प्रश्न घेऊन बघू. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ अशी ओळ कोरलेली आहे. आज आपण ‘चावुंडराजाने करविले’ म्हणू. कर्त्याची तृतीया तेव्हा ‘-एं’, आता ‘-ने’. हा बदल कोणत्या नामांत आधी झाला, गद्यात आधी दिसतो की ओवीत, हे मोजता येते आणि एका प्रबंधाला पुरते. पण सगळा भार एका टिंबावर, म्हणजे अनुस्वारावर आहे. टिंब गेले की तृतीयेचे ‘राजें’ आणि आदरार्थी ‘राजे’ यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. याच ओळी वेगवेगळ्या पुस्तकांत टिंबासह आणि टिंबाशिवाय, अशा दोन्ही तऱ्हांनी छापलेल्या सापडतात. म्हणून छापील पाठ कामाला सोयीचा असला, तरी निर्णय दगडाच्या किंवा पोथीच्या फोटोवरूनच करायचा.

टिंब कुठे कुठे गळते ते माहीत असू द्या. मुळात लेखनिकच ते कधी देतो, कधी देत नाही. पोथीचा फोटो कमी रिझोल्यूशनचा असला तर ते कागदावरच्या डागात मिसळते. म्हणून ४०० डीपीआय, टिफ फाइल, आणि फोटो आपोआप ‘स्वच्छ’ करणारे फिल्टर बंद. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत आणि जालावरच्या उताऱ्यांत जुने टिंबही गेलेले असते. आणि शेवटी तुमचीच स्क्रिप्ट. ‘अनावश्यक चिन्हे काढा’ अशी एक ओळ कुठून तरी उचलून चिकटवली, की प्रबंधाचा विषयच पुसला गेला.

पोथ्या वाचून घ्यायला ट्रान्सक्रायबस किंवा ई-स्क्रिप्टोरियम ही हस्ताक्षर वाचायला शिकणारी सॉफ्टवेअर चालतील. एकाच हस्ताक्षराची ५० पाने स्वतः टंकून द्या, आणखी पाचेक पाने चाचणीसाठी बाजूला ठेवा. शिवाय दुसऱ्या पोथीची काही पाने चाचणीत हवीतच. त्याच पोथीवर घेतलेली चाचणी नेहमी चांगली येते आणि दुसऱ्या लेखनिकापुढे मॉडेल कोसळते. जुन्या पोथीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, तेव्हा मॉडेलला जागा सोडायला शिकवू नका. शब्द तोडणे हा भाषेचा निर्णय आहे, तो वेगळ्या टप्प्यावर, माणसाने करायचा. अक्षरचूक ५ टक्के आली म्हणून हुरळून जाऊ नका. पाच अक्षरचिन्हांच्या शब्दाला ती लावली तर साधारण प्रत्येक चौथ्या-पाचव्या शब्दात चूक आहे असा त्याचा अर्थ. आणि ही सरासरी आहे. टिंबाची चूक वेगळी मोजा: फोटोत असलेल्या शंभर टिंबांपैकी मॉडेलने किती पकडली, आणि नसलेली किती घातली. हा आकडा प्रबंधात छापा.

मजकूर टीईआय (जुने ग्रंथ संगणकावर खुणांसह नोंदवण्याची प्रमाण पद्धत) पद्धतीच्या एक्सएमएलमध्ये ठेवा. शिलालेखांसाठी त्याचाच एपिडॉक हा प्रकार आहे. दोन थर लागतात. पहिला जसे दिसते तसे, दुसरा शोधाला सोयीचा. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाच्या सुरुवातीला ‘सुष’ आहे, म्हणजे सुख. ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहिण्याची ही जुनी रीत पोथ्यांतही भरपूर भेटते, तसेच ‘म्हणे’ऐवजी ‘ह्मणे’. पहिल्या थरात ‘सुष’च राहील, दुसऱ्यात ‘सुख’. एकाच थरात दुरुस्ती करत गेलात तर वर्षभराने लेखनिकाचे काय आणि तुमचे काय हे तुम्हालाच सांगता येणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. देवनागरीत आणताना तो गुपचूप घालू नका.

युनिकोडमध्येही एक खास मराठी खाच आहे. ‘दुसऱ्या’तले अर्धे र दोन प्रकारांनी टंकता येते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक (न दिसणारे, अक्षरे जोडणारे चिन्ह) वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात जुळत नाहीत. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी टंकने एकसारखी करण्याची युनिकोडची रीत) केल्याने नुक्त्याच्या, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाच्या जोड्या एक होतात, ही जोडी होत नाही. त्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

काळाच्या नोंदीला दोन रकाने ठेवा: रचना कधीची आणि प्रत कधीची. ज्ञानेश्वरी शके १२१२ची (इ.स. १२९०), पण एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली शके १५०६मध्ये, आणि बहुतेक पोथ्या त्याही नंतरच्या. अशा पोथीतली ‘-एं’ची गणना १२९० सालच्या खात्यावर टाकली की निष्कर्ष चुकलाच. म्हणून कणा तारखेच्या शिलालेखांचा ठेवा आणि पोथ्या त्याच्याशी ताडून पाहा.

शक आणि संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव) जुळतात का हे तपासायला या चक्राच्या दक्षिणी पद्धतीचा सोपा हिशोब आहे: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, बाकी शून्य आली तर साठावा. एकनाथांनी शके १५०६ला तारण संवत्सर दिला आहे. बाकी १८ येते आणि अठरावा तारणच. अक्षीच्या लेखाचा शक जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ वाचला, ११३२ असेही वाचन मांडले गेले आहे. ९३४ची बाकी ४६, म्हणजे परिधावी, आणि दगडावरचे नाव ‘प्रधावी’ असे वाचले गेले आहे. ११३२ची बाकी ४, म्हणजे प्रमोद. अर्थात नाव तरी बरोबर वाचले आहे का, हा वाद उरतोच. म्हणून दोन्ही वाचने नोंदवा आणि गणना दोन्ही तारखा धरून करा. एका वर्षाचा फरक आला तर शक गत (पूर्ण झालेले वर्ष) आहे की वर्तमान (चालू वर्ष), ते आधी बघा.

किती मजकूर? हाताने व्याकरण लावलेले ३०,००० शब्द या प्रश्नाला पुरावेत. विभक्ती, लिंग, वचन आणि मूळ रूप लावायला सरावलेल्या माणसाला तासाला दीडशे शब्द धरा, म्हणजे २०० तास. दुसऱ्या व्यक्तीकडून किमान ३,००० शब्द स्वतंत्रपणे लावून घ्या, मतभेद मोजा, नियमावली सुधारा, जुने काम पुन्हा तपासा. सगळे मिळून त्याच्या तिप्पट वेळ जातो. आजच्या मराठीसाठी बनवलेली विश्लेषणाची साधने इथे दगा देतात. त्यांना ‘-ने’, ‘-ला’ कळते, ‘-एं’ आणि ‘-सि’ कळत नाही. भाषिक मॉडेल तर ‘करवियलें’ सुधारून ‘करविले’ करून देते. त्याच्याकडून आलेला एकही शब्द फोटोशी ताडल्याशिवाय संचात घेऊ नका.

मूळ रूपासाठी एकच कोश ठरवा. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल कोशसंग्रहात शोधता येतो, तिथेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. शीर्षशब्द कोशात आहे तसाच घ्या, ‘करणें’ तर ‘करणें’.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३, कमाल ६ वर्षे आणि कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट. पहिले वर्ष लिपी आणि व्याकरणाला द्या. पायथन तुमच्याकडे आहे तेवढे तूर्त पुरते. मार्गदर्शक जुनी मराठी वाचणारा असावा, संगणकाच्या बाजूचा सहमार्गदर्शक मिळाला तर घ्या. उलट जोडी जमत नाही, कारण वाचनातली चूक फक्त वाचणाऱ्यालाच दिसते.

आणि परवानगी पहिल्याच महिन्यात, लेखी. पोथी पाहणे, फोटो काढणे, फोटो जालावर ठेवणे आणि टंकलेला मजकूर खुला करणे या चार वेगळ्या परवानग्या आहेत. अर्जात चारही शब्दशः लिहा. छापील आवृत्तीचा पाठ वापरणार असाल तर संपादकाच्या मृत्यूला ६० वर्षे झाली आहेत का ते बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६मध्ये गेले, त्यांचे काम खुले आहे. तुळपुळे १९९४मध्ये, त्यांचे नाही. तुमच्या संचात तुळपुळ्यांचा पाठ जसाच्या तसा शिरला, तर तो संच तुम्हाला प्रबंधाबरोबर प्रसिद्ध करता येणार नाही.